पंख्याचं विमान मागासलेलं नसतं

‘मुंबईला विमान आहे का?’ या प्रश्नानंतर सांगली-मिरजेकडचा माणूस हल्ली लगेच दुसरा प्रश्न विचारतो, ‘पंख्याचं की जेट?’ पंख्याचं म्हटलं की चेहरा थोडा पडतो. ते जुनं, हळू, हवेत हेलकावे खाणारं, म्हणजे विमानातली लालपरी, असा एक सार्वत्रिक समज आहे. जेट मात्र खरंखुरं विमान. आपल्या भागाला सर्वात जवळचा विमानतळ कोल्हापूरचा, उजळाईवाडीचा. तिथे ही दोन्ही विमानं बघायला मिळाली आहेत. एवढंच काय, एकाच कोल्हापूर-मुंबई मार्गावर आधी ट्रूजेट कंपनीचं पंख्याचं एटीआर ७२ उडत होतं आणि नंतर स्टार एअरचं पन्नास आसनी एम्ब्रेअर १४५ जेट आलं. म्हणजे तुलनेला घरचंच उदाहरण आहे. ती नीट केली तर पंख्याबद्दलचा समज फारसा टिकत नाही.

मुळात एटीआरच्या पंख्यामागे जे इंजिन असतं, तेही जेटच्याच जातीचं. पुढून हवा आत ओढायची, ती दाबायची, त्यात इंधन जाळायचं आणि तापून फुगलेल्या वायूने टर्बाइन, म्हणजे पात्यांचं चाक, फिरवायचं, इथपर्यंत दोन्ही इंजिनांची कुंडली सारखी. फरक पुढे पडतो. एटीआरच्या इंजिनात बहुतेक सगळी ताकद टर्बाइनच्या दांड्यावर काढून घेतली जाते. हा दांडा इतका वेगाने फिरतो की पंखा थेट त्याला जोडला तर पाती तुटून जातील. म्हणून मध्ये गिअरबॉक्स असतो. त्यातून वेग उतरून पंखा उड्डाणाच्या वेळी मिनिटाला साधारण १,२०० फेरे घेतो. मागच्या धुराड्यातून निघणाऱ्या वायूचा ढकलण्यातला वाटा नाममात्र. या रचनेला टर्बोप्रॉप म्हणतात. जुन्या पिस्टन इंजिनाच्या विमानांशी तिचा संबंध फक्त बाहेरून दिसणाऱ्या पंख्यापुरता.

एटीआरच्या पंख्याला सहा पाती आहेत आणि व्यास जवळजवळ चार मीटर. एम्ब्रेअर १४५ च्या शेपटीजवळ जी दोन जेट इंजिनं चिकटवलेली दिसतात, त्यांच्या तोंडाचा पंखा जेमतेम मीटरभराचा. म्हणजे एटीआरचा पंखा सोळापट क्षेत्रफळातली हवा कवेत घेतो. सगळी गंमत या आकड्यात आहे.

विमान पुढे जातं ते हवेला मागे ढकलून. किती जोराने पुढे जाणार, हे दोन गोष्टींवर ठरतं: दर सेकंदाला किती किलो हवा ढकलली आणि तिला किती जादा वेग दिला. या दोन्हींचा गुणाकार म्हणजे रेटा. समजा एका इंजिनाने सेकंदाला १०० किलो हवा घेऊन तिला सेकंदाला १०० मीटर जादा वेग दिला. दुसऱ्याने ५०० किलो हवा घेतली, पण वेग दिला फक्त २० मीटर. गुणाकार दोन्हीकडे दहा हजारच, म्हणजे रेटा अगदी सारखा. पण मागे सुटलेल्या झोतात जी ऊर्जा फुकट जाते, ती वेगाच्या वर्गाच्या हिशेबाने वाढते. पहिल्याच्या झोतात सेकंदाला पाच लाख ज्यूल वाया जातात, दुसऱ्याच्या फक्त एक लाख. कृष्णेवरच्या होड्यांच्या शर्यती पाहिलेल्या माणसाला हे गणित न मांडताही पटेल: रुंद पात्याचं वल्हं दमाने ओढणारा पुढे जातो, काठी सपासप मारणारा नुसतं पाणी उडवतो.

मग सगळी विमानं पंख्याचीच का नाहीत? कारण पात्याचं टोक. विमान पुढे जात असतं आणि पातं गोल फिरत असतं, त्यामुळे टोकाचा खरा वेग या दोन्हींच्या बेरजेतून बनतो, आणि ही बेरीज काटकोन त्रिकोणातल्या कर्णासारखी करायची असते. एटीआर आकाशात ताशी सुमारे ५१० किलोमीटरने जात असताना पंख्याचा वेग थोडा कमी केलेला असतो. तेव्हा पात्याचं टोक सेकंदाला साधारण २५० मीटरने हवा कापतं. त्या उंचीवर ध्वनीचा वेग सेकंदाला ३१५ मीटरच्या आसपास, म्हणजे अजून बरीच जागा शिल्लक. आता हाच पंखा तसाच फिरवत विमान जेटच्या वेगाने, ताशी ८३० किलोमीटरने न्यायचं म्हटलं, तर टोकाचा वेग ३०० मीटरच्या पुढे जातो. आणि जेट जिथे उडतं त्या ३५ हजार फुटांवरच्या गार हवेत ध्वनीच ३०० मीटरहून थोडा कमी धावतो. टोकं ध्वनीला ओलांडू लागली की धक्कालहरी उठतात, पात्यांची पकड सुटते आणि गोंगाट असह्य होतो. जेटचा पंखा नळकांड्यात बंद असतो. नळकांड्याच्या तोंडाशी येणारी हवा आधी मंदावते आणि मग पात्यांना भेटते, म्हणून जेटला ही अडचण त्या वेगाला येत नाही. वेगाने लांब जायचं असेल तर जेटला पर्याय नाही, हे मान्यच करायला हवं.

पण आपल्याला लांब कुठे जायचंय? कोल्हापूर ते मुंबई हवाई अंतर आहे सुमारे ३१० किलोमीटर. वैमानिकांचा एक सोपा ठोकताळा असतो: दर हजार फूट खाली उतरायला तीन सागरी मैल आधीपासून सुरुवात करायची. जेटला त्याच्या आवडत्या ३७ हजार फुटांवरून उतरायचं, तर १११ सागरी मैल लागतात, म्हणजे दोनशे किलोमीटर. चढायलाही जवळपास तेवढंच अंतर. बेरीज झाली चारशे किलोमीटर, आणि मुंबई तर तीनशेवरच आली! थोडक्यात, या मार्गावर जेटला स्वतःच्या उंचीवर पोचायलाच मिळत नाही. ते वीस-पंचवीस हजार फुटांवर कुठे तरी, म्हणजे जवळजवळ एटीआरच्याच आकाशात, चढतं न चढतं तोच उतरायला लागतं. जेट इंजिनाची काटकसर वरच्या विरळ, गार हवेत दिसते. खालच्या दाट हवेत ते तहानलेलंच असतं.

वेळ किती वाचते? चढण-उतरण धरून हिशेब केला तर दहा-बारा मिनिटं. मुंबईच्या आकाशात उतरायची परवानगी मिळेपर्यंत घिरट्या घालण्यात एवढी मिनिटं सहज जातात. सांगलीहून निघणाऱ्याचा तर उजळाईवाडी गाठेपर्यंत रस्त्यावरच तासाहून जास्त वेळ गेलेला असतो.

इंधनाचा हिशेब मला सर्वात बोलका वाटतो, कारण त्यात जेटवर अन्याय न करताही उत्तर तेच येतं. एटीआर ७२ आकाशात तासाला ढोबळमानाने ७०० किलो इंधन खातं, एम्ब्रेअर १४५ साधारण १,१०० किलो. पण जेट तासाभरात जास्त अंतर कापतं, तेव्हा तुलना किलोमीटरमागे करू. दोन्हीकडे आकडा येतो किलोमीटरला सव्वा-दीड किलोच्या दरम्यान, म्हणजे जवळजवळ बरोबरी! फक्त एटीआरमध्ये बसलेले असतात ७० ते ७८ जण आणि जेटमध्ये ५०. दोन्ही विमानांचं कमाल वजन २२-२३ टनांच्या घरात, म्हणजे हत्यार सारख्याच वजनाचं. तेवढ्याच इंधनात दीडपट माणसं. आणि हा हिशेब जेट आपल्या उंचीवर निवांत उडतंय असं धरून केलाय. कोल्हापूर-मुंबईवर ते तसं उडतच नाही.

अमेरिकेने हा धडा महागात गिरवला. नव्वदच्या दशकात तिथल्या कंपन्यांनी छोट्या मार्गांवरची पंख्याची विमानं काढून पन्नास आसनी जेट आणली, कारण प्रवाशांना ती आवडत. तेल स्वस्त होतं तोवर भागलं. २००८ च्या जुलैत तेल पिंपाला १४७ डॉलरवर गेलं आणि अशी कितीतरी विमानं कोपऱ्यात उभी राहिली. एटीआरची मागणी त्याच काळात पुन्हा वाढली. आपल्याकडच्या जुन्या पिढीच्या मनातली पंख्याची प्रतिमा मात्र फोकर फ्रेंडशिप आणि कानपूरला बनलेल्या ॲव्रोच्या काळातली आहे. त्या विमानांतला गोंगाट ज्यांनी ऐकलाय त्यांना दोष देता येत नाही.

आवाज आजही आहेच. सहा पाती, सेकंदाला सोळा-सतरा फेरे, म्हणजे सेकंदाला सुमारे शंभर ठोके; हाच तो खर्जातला एकसुरी घुमारा. पंख्याच्या रेषेत बसलात तर तो छातीत जाणवतो, मागे बसलात तर बराच कमी. एटीआरमध्ये पुढे सामानाचा कप्पा आणि प्रवाशांचा दरवाजा शेपटीकडे, त्यामुळे शेवटच्या रांगा मिळाल्या म्हणून कुरकुरू नये. चढताना उजवीकडे एक नजर टाका. अनेकदा उजवं इंजिन शिट्टी वाजवत सुरू असतं, पण त्याचा पंखा ठप्प उभा. तो बिघाड नव्हे. त्या बाजूला पंख्याला ब्रेक असतो. पंखा धरून ठेवून आतलं टर्बाइन चालवलं की दिवे आणि वातानुकूलन त्याच्यावर चालतं. जेटमध्ये या कामासाठी शेपटीत आणखी एक छोटं इंजिन वाहावं लागतं. आणि उतरल्या उतरल्या जो एकदम घोंगावणारा आवाज येतो, तेव्हा पात्यांनी आपला कोन उलटा केलेला असतो आणि पंखा विमानाला मागे रेटत असतो.

हेलकाव्यांची तक्रार अर्धी खरी. जेट ढगांच्या बऱ्याचशा गोंधळाच्या वरून जाऊ शकतं, एटीआरची मर्यादा २५ हजार फूट. पण पावसाळ्याच्या तोंडावर आपल्याकडे उठणारे वादळी ढग पन्नास हजार फुटांपर्यंत जातात. त्यांना वळसा दोघांनाही घालावा लागतो. बर्फाचा प्रश्न जास्त गंभीर आहे. मधल्या उंचीवर जास्त वेळ राहणाऱ्या विमानाच्या पंखांवर बर्फ साचायची भीती अधिक. १९९४ मध्ये अमेरिकेत रोझलॉनजवळ एटीआर ७२ कोसळलं ते यामुळेच. त्यानंतर पंखांच्या कडेवरचे फुगून बर्फ फोडणारे रबरी पट्टे रुंद करण्यात आले.

आता धावपट्टी. कोल्हापूरची पूर्वी १,३७० मीटर होती, वाढवून १,९३० केली. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ६०८ मीटर. मे महिन्यात दुपारी पारा ३८ वर असताना तिथली हवा प्रमाण हवेपेक्षा, म्हणजे समुद्रसपाटीवरच्या १५ अंशांच्या हवेपेक्षा, १४ टक्क्यांनी विरळ होते. बाराएक अंश तापमानाच्या पहाटे महाबळेश्वरला हवा जेवढी विरळ असते, साधारण तेवढी. विमानाच्या दृष्टीने उजळाईवाडीची धावपट्टी त्या दुपारी घाटमाथ्यावर चढलेली असते. पंखांना उचल कमी, इंजिनाला दम कमी, आणि धाव लांबते. इथे टर्बोप्रॉपचा मोठा पंखा उपयोगी पडतो. तो जागेवरून निघतानाच भरपूर हवा ढकलतो, आणि त्याचा झोत थेट पंखांवरून जात असल्याने उचलीलाही हातभार लागतो.

सरकारी नियमांनीही या विमानांची मापं ठरवली आहेत. देशांतर्गत विमान ८० पेक्षा कमी आसनांचं असेल तर उतरण्याचं शुल्क माफ. आणि टर्बोप्रॉपला, तसंच ४० टनांखालच्या विमानाला, इंधनावरचा विक्रीकर सवलतीत. त्यामुळे एटीआरमध्ये ७८ आसनं आणि स्टार एअरच्या मोठ्या एम्ब्रेअर १७५ मध्ये ७६, हे आकडे बघून आश्चर्य वाटायला नको. हे १७५ कोल्हापूर-अहमदाबादसारख्या सातशे किलोमीटरच्या मार्गावर मला रास्त वाटतं. तिथे जेटला वर जाऊन सुस्तावायला वेळ मिळतो. हैदराबाद, बंगळूर या चारशे ते साडेपाचशे किलोमीटरच्या पट्ट्यात माझं मत एटीआरला.

राहिला प्रश्न आपल्या दारातल्या विमानतळाचा. सांगलीजवळच्या कवलापूरला विमानतळ करण्याची मागणी जुनी आहे, आणि कराडला तर धावपट्टीच आहे, फक्त १,२८० मीटरची. भरलेल्या एटीआर ७२ ला समुद्रसपाटीवर, थंड हवेतसुद्धा १,३०० मीटरच्या आसपास लागतात, तेव्हा कराडच्या उन्हाळ्यात ते जमणारं नाही, आणि जेटचा तर विचारच नको. नेमक्या अशा जागांसाठी एटीआर कंपनीने ४० प्रवासी घेऊन ८०० मीटरमध्ये उडू शकणारं ४२-६००एस नावाचं विमान बनवायला घेतलं होतं. पुरेसं गिऱ्हाईक दिसेना म्हणून २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये कंपनीने ते काम थांबवलं. त्यामुळे कराडसाठी सध्या दोनच वाटा उरतात: धावपट्टी लांबवायची, नाहीतर वीस आसनांखालची लहान टर्बोप्रॉप विमानं आणायची. दुसऱ्या वाटेत तिकीट महाग पडतं, कारण दोन वैमानिकांचा आणि दोन इंजिनांचा खर्च वीसपेक्षा कमी डोक्यांवर वाटावा लागतो.