नॉक्स कमी केला, तरी ओझोन का वाढला? (उत्सर्जनाची फाइल पाठवण्यापूर्वी वाचावे)

हवेतल्या प्रदूषणाचा अंदाज आम्ही संगणकी मॉडेलने काढून देतो. नॉक्स म्हणजे नायट्रिक ऑक्साइड आणि नायट्रोजन डायऑक्साइड हे वायू. अहवाल हाती पडला की ग्राहकाचा फोन ठरलेला: "आम्ही नॉक्स 30 टक्के कमी धरलाय, मग शहराच्या मधोमध ओझोन वाढला कसा? मॉडेल चुकलंय तुमचं."

बहुतेक वेळा मॉडेल चुकलेले नसते. ओझोन कुठल्याही चिमणीतून निघत नाही. नॉक्स आणि व्हीओसी (सहज वाफ होणारी सेंद्रिय रसायने) यांच्यापासून तो उन्हात तयार होतो. वाहतूक दाट असते तिथे ताजा नायट्रिक ऑक्साइड ओझोनला खाऊन टाकतो आणि जास्तीचा नायट्रोजन डायऑक्साइड ओझोन घडवणारे हायड्रॉक्सिल रॅडिकल अडकवून ठेवतो. अशा ठिकाणी नॉक्स थोडा घटला की हा लगाम सैल होतो. 2020 च्या लॉकडाउनमध्ये अनेक शहरांतल्या प्रत्यक्ष मोजणीतही हेच दिसले. त्याच कपातीने वाऱ्याच्या दिशेला, शहराबाहेर, ओझोन उतरू शकतो. एका केंद्राच्या आकड्यावर भांडू नका, नकाशा पूर्ण पाहा.

आमचा आणि तुमचा वेळ खरा जातो तो वेगळ्याच चुकीत. कपातीआधीची उत्सर्जनाची यादी एका हिशेबाने, नंतरची दुसऱ्याच. सर्वांत छळणारा प्रकार नॉक्सचा: एका फाइलमध्ये वजन नायट्रोजन डायऑक्साइड धरून, दुसरीत नायट्रिक ऑक्साइड धरून. रेणुभार 46 आणि 30. म्हणजे तोच धूर एकीकडे 100 टन, दुसरीकडे 65 टन. कागदावर 35 टक्के कपात, हवेत शून्य! हे मॉडेल चालवून झाल्यावर कळले की सगळे पुन्हा चालवावे लागते. म्हणून एककाचा रकाना रिकामा असेल तर आम्ही काम सुरूच करत नाही. काहींना हा हट्ट वाटतो, वाटू दे.

व्हीओसीचाही नुसता एकूण आकडा पुरत नाही. झायलीन झपाट्याने ओझोन घडवते, प्रोपेन रेंगाळत. द्रावकांची नावे द्या, कामाचे तासही. रात्रीचे उत्सर्जन आणि भर दुपारचे सारखे नसते.

बेस केसचे, म्हणजे कपातीआधीच्या मूळ स्थितीच्या मॉडेलचे, बिल वेगळे का, हेही विचारले जाते. तो आधी मोजणीशी ताडून पाहिल्याशिवाय पुढच्या फरकाला अर्थ नाही. एकदा जुळला की त्याच बेसवर पुढचे पर्याय कमी खर्चात होतात. 30 टक्क्यांच्या निकालाची दुप्पट करून 60 टक्क्यांचा निकाल मिळत नाही, तेव्हा दोन-तीन पातळ्या एकदमच सांगितलेल्या बऱ्या.

पूर्ण यादी करण्याआधी नमुन्याचे एक पान पाठवा. ते तपासून देण्याचे पैसे घेत नाही.