‘सफरिंग फ्रॉम फीवर’ हेच शुद्ध इंग्रजी आहे का?

कोल्हापुरातील शाळांच्या रजेच्या अर्जांतून पिढ्यानपिढ्या असा समज रुजला आहे की, आजारपण सभ्य इंग्रजीत सांगायचे तर ‘आय ॲम सफरिंग फ्रॉम फीवर’ असेच लिहावे लागते. व्याकरणाच्या दृष्टीने हे वाक्य चुकीचे नाही. मात्र ‘सफर’ या क्रियापदाला दीर्घकाळ सोसण्याची छटा असल्यामुळे ते दम्याला किंवा संधिवाताला शोभते, दोन दिवसांच्या तापाला अवजड होते. तेथे ‘आय हॅव अ फीवर’ पुरेसे आहे. ब्रिटनमध्ये तर ‘आय हॅव अ टेम्परेचर’ असेही सर्रास म्हणतात.

‘माय हेड इज पेनिंग’ ही मात्र चूकच, कारण ‘डोके दुखते आहे’ या मराठी वाक्याचा तो शब्दशः अनुवाद आहे आणि इंग्रजीत ‘पेन’ हे क्रियापद प्रामुख्याने मनाला होणाऱ्या क्लेशासाठी वापरतात. ‘माय हेड हर्ट्स’ किंवा ‘आय हॅव अ हेडेक’ म्हणावे.

तांबडा रस्सा बाधल्यावर (दोष बहुधा रश्श्याचा नसतो!) आपण सांगतो ते ‘लूज मोशन’ भारतात सर्वांना कळते, परदेशी डॉक्टरांसमोर ‘डायरिया’ म्हणावे.