क्वार्टरबॅकची नजर घडते कशी?

अमेरिकन फुटबॉलमध्ये चेंडू क्वार्टरबॅकच्या, म्हणजे पास देऊन आक्रमण चालवणाऱ्या खेळाडूच्या, हाती आला की साधारण अडीच ते तीन सेकंदांत त्याला पास द्यावा लागतो. धावत सुटलेल्या चार-पाच सहकाऱ्यांपैकी कोण मोकळा होणार, हे तेवढ्यात ओळखायचं. समोरून शंभर-सव्वाशे किलोचे बचावपटू त्याला आडवं पाडायला झेपावत असतातच. कॉलेजात हे काम लीलया करणारा मुलगा एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये आला की पहिल्या वर्षी बहुधा चाचपडतो. हातातली ताकद तीच असते. कमी पडते ती नजर.

आपल्या डोळ्याला अगदी स्पष्ट दिसतं ते जेमतेम दोन अंशांच्या कोनात. हात लांब केल्यावर अंगठ्याच्या नखाएवढ्या भागात म्हणा. नजर सेकंदाला साधारण तीन-चार जागा बदलते. म्हणजे पास देईपर्यंत क्वार्टरबॅकच्या वाट्याला दहाएक दृष्टिक्षेप येतात आणि मैदानावर माणसं असतात बावीस. सगळं पाहणं शक्यच नाही. कुठे पाहायचं, हे त्याला आधीच माहीत असावं लागतं.

हे ‘माहीत असणं’ मेंदूत कसं साठतं, याचा एक सुंदर प्रयोग विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केला. खऱ्या डावातला बुद्धिबळाचा पट काही सेकंद दाखवला, तर निष्णात खेळाडू तो नवख्यापेक्षा कितीतरी अचूक मांडून दाखवत. सोंगट्या वाटेल तशा विखुरल्या की मात्र त्यांची ही आघाडी जवळपास संपे. त्यांची स्मरणशक्ती अचाट नव्हती. ते सुट्या सोंगट्यांऐवजी ओळखीच्या रचना पाहत होते.

क्वार्टरबॅकही असाच रचना वाचतो. चेंडू खेळात येण्याआधी तो सर्वांत मागच्या बचावपटूंकडे, म्हणजे सेफ्टींकडे पाहतो. खोलवर दोघे उभे आहेत की एकच, यावरून पुढे काय होणार याचा अंदाज बांधतो. गोलंदाजाच्या मनगटावरून फलंदाज चेंडू ओळखतो, तसंच हे. पण व्यावसायिक बचाव मुद्दाम फसवतो. दोन सेफ्टी दाखवतो आणि चेंडू हलताच एकाला पुढे आणतो. कॉलेजात साठवलेल्या रचना इथे दगा देतात, आणि नव्या साठायला वेळ लागतो.

मग नवख्याला लगेच उतरवायचं की बाकावर बसवायचं? ॲरन रॉजर्सला ग्रीन बे पॅकर्सने २००५ मध्ये निवडलं आणि तीन हंगाम संघाचा मुख्य क्वार्टरबॅक ब्रेट फार्वच्या मागे राखीव ठेवलं. पॅट्रिक माहोम्स २०१७ मध्ये कॅन्सस सिटी चीफ्सकडून एकच सामना खेळला आणि पुढच्या हंगामात त्याने ५० टचडाउन पास, म्हणजे थेट गुण मिळवून देणारे पास, दिले. ही उदाहरणं देऊन ‘थांबवा, शिकू द्या’ असं सांगितलं जातं. मला हा तर्क अपुरा वाटतो. रॉजर्सच्या हाती आला तो आदल्या हंगामात १६ पैकी १३ सामने जिंकलेला संघ. चीफ्सही सलग प्लेऑफ गाठत होते. यश बाकाचं की त्या संघाचं, हे वेगळं कसं काढणार? उलट पेटन मॅनिंग १९९८ मध्ये पहिल्या सामन्यापासून खेळला. त्याचे २८ पास प्रतिस्पर्ध्यांनी पकडले, संघ १६ पैकी तीनच सामने जिंकला. पुढच्याच वर्षी त्याच संघाने १३ जिंकले.

चुकांनी नजर बिघडत नाही. चुकीतून काय शिकायला मिळतं, हे महत्त्वाचं. डेव्हिड कारला २००२ मध्ये अगदी नव्या ह्यूस्टन टेक्सन्स संघाने पहिल्या क्रमांकावर निवडलं. पुढची फळी, म्हणजे क्वार्टरबॅकचं रक्षण करणाऱ्या सहकाऱ्यांची रांग, कमकुवत होती. त्या एका हंगामात तो चेंडूसकट ७६ वेळा पाडला गेला. हा आजही विक्रम आहे. धोका जाणवला की माणसाचं लक्ष आक्रसतं, हे मानसशास्त्राला चांगलं ठाऊक आहे. नजर दूरच्या सहकाऱ्यांवरून अंगावर येणाऱ्यांकडे घसरते. पास पूर्ण होण्याआधीच खेळ मोडत असेल, तर आपला निर्णय बरोबर होता की चूक, हे मेंदूला कळतच नाही. कारच्या गुणवत्तेवर शंका घेणाऱ्यांनी आधी त्याच्या पुढच्या फळीकडे पाहावं.

सरावातही असाच एक चकवा आहे. शे आणि मॉर्गन यांनी १९७९ मध्ये हातांच्या हालचाली शिकवताना दोन पद्धती ताडून पाहिल्या. एकच हालचाल सलग घोटणारे सरावात पुढे राहिले; पण हालचालींची सरमिसळ करून शिकलेल्यांच्या लक्षात त्या जास्त टिकून राहिल्या. म्हणून मोकळ्या मैदानावर एकाच जागी पन्नास पास सफाईने मारणारा मुलगा पाहून प्रशिक्षकाने हुरळून जाऊ नये. त्याला दर वेळी वेगळा बचाव दाखवावा, न सांगता.

अलीकडे त्यासाठी आभासी वास्तवाचे चष्मे वापरले जातात. क्वार्टरबॅक जेडन डॅनियल्सने कॉलेजातच या चष्म्यांतून खऱ्यापेक्षा वेगाने पळणारे खेळ वाचायचा सराव केला. २०२४ मध्ये वॉशिंग्टनकडून पहिल्याच हंगामात तो आक्रमणातला सर्वोत्तम नवोदित ठरला. अंगाला मार न लागता शेकडो रचना डोळ्यांखालून जातात, हा मोठाच फायदा. तरी समोरून धावत येणाऱ्या माणसाची धडक त्या चष्म्यात नसते. ती झेलत नजर वर ठेवायला मैदानातच शिकावं लागतं, आणि तेही पुढची फळी भक्कम असलेल्या संघात.