२६ जिल्ह्यांचे ३६ कसे झाले?

१ मे १९६० रोजी महाराष्ट्र स्थापन झाला तेव्हा राज्यात २६ जिल्हे होते. राज्याची हद्द बदलायची तर संसदेत कायदा करावा लागतो. जिल्ह्याला तेवढा खटाटोप लागत नाही. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ च्या कलम ४ नुसार राज्य सरकार राजपत्रात अधिसूचना काढून नवा जिल्हा करू शकते. कागदावर हे सोपे, तरी पहिली वीस वर्षे एकही नवा जिल्हा झाला नाही.

ही कोंडी अंतुले मुख्यमंत्री असताना फुटली. १ मे १९८१ रोजी जालना आणि सिंधुदुर्ग अस्तित्वात आले. जुना रत्नागिरी जिल्हा दक्षिणोत्तर लांबच लांब. सावंतवाडीकडच्या माणसाला कलेक्टर कचेरीतल्या कामासाठी रत्नागिरी गाठावी लागे, तीही कोकण रेल्वे नसताना. त्यामुळे विभाजन पटण्यासारखेच होते. प्रश्न मुख्यालयाचा होता. सावंतवाडी संस्थानची राजधानी, मालवण जुने बंदर, कुडाळही मोक्याचे. अखेर यांतले एकही नाही. मुंबई-गोवा महामार्गावरचे ओरोस निवडले गेले आणि तिथे सिंधुदुर्गनगरी वसवण्यात आली. सरकारी वसाहत ती. बाजारपेठेची वर्दळ कुडाळ-सावंतवाडीलाच राहिली.

पुढे ऑगस्ट १९८२ मध्ये उस्मानाबादेतून लातूर आणि चंद्रपुरातून गडचिरोली निघाला. १९९० मध्ये मुंबई उपनगर, १९९८ मध्ये वाशीम आणि नंदुरबार, १९९९ मध्ये हिंगोली आणि गोंदिया.

ठाण्याचे विभाजन मात्र रेंगाळले. २०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता, १ कोटी १० लाखांचा. एका टोकाला मीरा-भाईंदर, दुसऱ्या टोकाला मोखाडा, तलासरी. नवा जिल्हा हवा यावर फारसा वाद नव्हता. जव्हारकरांना मुख्यालय जव्हारला हवे होते. आदिवासी पट्ट्यासाठीच जिल्हा करायचा, तर कचेरी त्यांच्या दारात असावी, हा त्यांचा मुद्दा बिनतोड होता. पण मान मिळाला तो पश्चिम रेल्वेवरच्या पालघरला. १ ऑगस्ट २०१४ रोजी आठ तालुक्यांचा पालघर हा ३६वा जिल्हा झाला.

त्यानंतर बदलली ती नावे: औरंगाबाद, उस्मानाबाद, अहमदनगर. अंबाजोगाई आणि मालेगावची जिल्ह्याची मागणी जुनी आहे, पण नव्या जिल्ह्याला जिल्हाधिकारी, पोलीस अधीक्षक, जिल्हा परिषद असा सगळा संसार उभा करून द्यावा लागतो. शिवाय जनगणनेआधी प्रशासकीय सीमा गोठवतात. मोजणी उरकेपर्यंत तालुक्याची रेघही हलत नाही.