बातमीचा ‘स्रोत’ नेमका कोणता?

निवडणूक जवळ आली की मतदार बातम्या कुठून घेतात याचे तक्ते फिरू लागतात. त्यांतला ‘स्रोत’ हा शब्द मात्र सहा दशके घोळ घालतो आहे. वार्ताहराच्या भाषेत ‘सूत्र’ म्हणजे माहिती देणारा माणूस. पाहणीवाल्यांच्या भाषेत ‘स्रोत’ म्हणजे कधी बातमी तयार करणारा, तर कधी ती नुसती पोहोचवणारा.

पक्षांची स्वतःची वृत्तपत्रे निघत त्या काळी हा प्रश्न फारसा पडत नसे. तो नीट विचारला गेला १९४० च्या अमेरिकी अध्यक्षीय निवडणुकीत. ओहायोतल्या एका काउंटीत ६०० मतदारांना मे ते नोव्हेंबर पुन्हापुन्हा भेटले गेले. दिसले असे की राजकारणात मुरलेले थोडे लोक वृत्तपत्रे वाचत, रेडिओ ऐकत आणि बाकीच्या अनेकांपर्यंत राजकारण त्यांच्या तोंडूनच पोहोचे. मग त्या बाकीच्यांचा स्रोत कोणता, वृत्तपत्र की शेजारी? इतका मोलाचा धागा पुढच्या बऱ्याच पाहण्यांनी सोडून दिला, याची खंत वाटते.

कारण १९५९ पासून अमेरिकेत टीव्ही उद्योगाच्या पैशाने एक ठरावीक प्रश्न विचारला जाऊ लागला: जगात काय चालले आहे, याच्या बहुतेक बातम्या तुम्हाला कुठून मिळतात? पहिल्या वर्षी ५७ टक्क्यांनी वृत्तपत्र सांगितले, ५१ टक्क्यांनी टीव्ही. १९६३ मध्ये टीव्ही ५५ वर गेला, वृत्तपत्र ५३ वर आले. ‘टीव्हीने वृत्तपत्राला मागे टाकले’ हे वाक्य तिथून रूढ झाले. पण एकाहून जास्त उत्तरे चालत असल्याने टक्क्यांची बेरीज शंभराच्या पुढे जाई. शिवाय ‘जगात’ म्हटल्यावर माणसाच्या डोळ्यांपुढे युद्ध आणि राजधानी येते. नगरपालिकेचा कर किंवा शाळा मंडळाची निवडणूक येत नाही. ती बातमी मुख्यतः वृत्तपत्रच देई. अभ्यासकांनी आक्षेप घेतले, तरी आकडे उद्धृत होतच राहिले. प्रश्नाची ही ठेवणच मुळात चुकीची होती असे माझे स्पष्ट मत आहे.

राजकारणात रस असलेल्या मतदारावर तर एकच उत्तर मागणाऱ्या पाहण्यांत दुहेरी अन्याय होतो. तो एकच बातमी तीन ठिकाणी ताडून पाहतो आणि पाहणी मात्र त्याला ‘मुख्य स्रोत एकच सांगा’ म्हणते.

केबल वाहिन्यांचा काळ इथे सोडून देतो. समाजमाध्यमांनी जुना घोळ कितीतरी वाढवला. वृत्तपत्राची बातमी मोबाइलवर दिसते, ती पाठवलेली असते मेव्हण्याने, आणि उत्तर येते ‘फोनवर वाचली’. कॅनडात समाजमाध्यम कंपन्यांनी वृत्तसंस्थांना बातम्यांचा मोबदला देण्याचा कायदा झाल्यावर ऑगस्ट २०२३ पासून एका बड्या कंपनीने आपल्या व्यासपीठांवरून बातम्यांचे दुवे हटवले. लोकांनी बातम्यांचे स्क्रीनशॉट टाकायला सुरुवात केली. ते वाचणाऱ्या मतदाराची नोंद पाहणीत ‘समाजमाध्यम’ याच रकान्यात होते, बातमी मिळवण्यासाठी वार्ताहर दिवसभर न्यायालयात बसलेला असला तरी.