इन्यो काउंटी: उपसा थांबवायचा केव्हा?

कॅलिफोर्नियातली इन्यो काउंटी (म्हणजे जिल्हा) सिएरा नेवाडा पर्वतरांगेच्या पर्जन्यछायेत येते. ४,४२१ मीटर उंचीचं माउंट व्हिटनी आणि समुद्रसपाटीच्या ८६ मीटर खालचं बॅडवॉटर, दोन्ही तिच्याच हद्दीत. १८६६ला काउंटी झाली, त्याच्या कितीतरी आधीपासून तिथल्या ओवेन्स खोऱ्यात मूळनिवासी पायूट लोकांचे पाट वाहत होते. लॉस एंजेलिस शहराने १९१३मध्ये इथलं पाणी न्यायला काढलेला ३७५ किलोमीटरचा कालवा, १९२०च्या दशकात चिडलेल्या रहिवाशांनी त्याला लावलेले सुरुंग, पाण्यासाठी शहराने घेतलेल्या जमिनी, आटलेला ओवेन्स तलाव हे सगळं ठाऊक असतंच.

भूजलाच्या उपशावरून काउंटी आणि शहर यांच्यात आज जे भांडण आहे, त्याचं मूळ मात्र १९७०मध्ये आहे. त्या वर्षी दुसरा कालवा सुरू झाला आणि तो भरायला शहराने खोऱ्यातल्या बोअरवेलचा उपसा वाढवला. झरे आटले, कुरणं वाळू लागली. काउंटी १९७२मध्ये कोर्टात गेली. दोघांमध्ये दीर्घकालीन करार व्हायला १९९१ उजाडलं.

कराराचा गाभा म्हणजे ‘चालू-बंद’ नियम. ठरलेल्या ठिकाणी जमिनीतली ओल मोजायची: गवताखाली दोन मीटरपर्यंत, झुडपांखाली चार मीटरपर्यंत. झाडोऱ्याच्या गरजेपेक्षा ती कमी भरली की त्या ठिकाणाशी जोडलेल्या बोअरवेल बंद करायच्या, पुरेशी झाली की चालू. कागदावर चोख! पण मोजली जाते ओल, भूजल पातळी नव्हे. ओल्या हिवाळ्यात पाणी वरून मुरतं, नियमाप्रमाणे बोअरवेल पुन्हा सुरू करता येतात, आणि पातळी मुळांच्या खालीच असू शकते. शिवाय गावांना आणि मत्स्यबीज केंद्रांना पाणी देणाऱ्या काही बोअरवेल नियमातून वगळल्या आहेत. शेजारची बंद झाली तरी त्या चालूच. कुरणं घटली की शहर दुष्काळाकडे बोट दाखवतं. दुष्काळ खरा आहेच, पण खालची पातळी टिकली असती तर गवताने तो बऱ्यापैकी सोसला असता.

कालव्याने कोरड्या पडलेल्या खालच्या ओवेन्स नदीत २००६मध्ये सुमारे १०० किलोमीटर पाणी परत सोडलं गेलं. आटलेल्या ओवेन्स तलावाच्या तळाचा प्रश्न निराळा, तो धुळीचा. थंडीत ओलसर क्षारांचा थर फुगून भुसभुशीत होतो आणि वारा तो उचलतो. उथळ पाणी पसरलं की धूळ बसते, पण पाणी फार लागतं. म्हणून काही भागांत खडीचा थर पसरतात: खडीतल्या मोठ्या फटींमुळे खारं पाणी वर चढत नाही आणि पृष्ठभागावर क्षार साचत नाहीत. खडीच्या फटींत वाळू-माती भरली, की हा उपाय लंगडा पडतो.