माती नाही, म्हणजे पालक ‘केमिकलचा’?

कोथरूडच्या आमच्या गच्चीवर मातीविना, क्षार विरघळवलेल्या पाण्यावर (हायड्रोपोनिक्स) पाइपात वाढलेला पालक शेजारच्या काकूंना दिला, तर म्हणाल्या, “नको गं, तो केमिकलवरचा!” समज जुनाच. पण शेणखत घाला नाहीतर युरिया, मुळं नत्र घेतात ते मुख्यतः पाण्यात विरघळलेल्या नायट्रेट-अमोनियमच्या रूपात. शेण कुजून शेवटी तेच होतं. जर्मन वनस्पतिशास्त्रज्ञ यूलियुस झाक्सने १८६० च्या सुमारास क्षारांच्या द्रावणात, मातीविना रोपं वाढवली होती.

नुसत्या नळाच्या पाण्यावर मात्र पालक होत नाही. बाटलीतला मनी प्लांट तगतो, ते वेगळं. पाण्यात क्षार घालून त्याचा पीएच (आम्लतेचं माप) ५.५ ते ६.५ राखावा लागतो. गेल्या मेमध्ये पाइपात पाणी फिरवणारा पंप बंद पडला, तर संध्याकाळपर्यंत पांढरीशुभ्र मुळं सुकून दोऱ्यासारखी झाली. कुंडीतल्या मातीने दिवसभर सांभाळून घेतलं असतं.